क्लोरीन कमी करा, या अर्जावर मी सही का केली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी ज्या तलावावर नातीला पोहायला नेते, तिथे गेल्या आठवड्यात पालकांचा एक अर्ज फिरला. मजकूर दोन ओळींचा : मुलांच्या अंगाला खाज सुटते, त्वचा कोरडी पडते, तरी पाण्यातील क्लोरीनचे प्रमाण निम्मे करावे. खाली सह्या. बहुतेकांनी केल्या, मी केली नाही. 'आजी, तुमच्याच नातीला इसब आहे आणि तुम्हीच सही करत नाही?' असे मला दोघीतिघींनी विचारले. बाकावर बसून, शिट्ट्यांच्या आणि पाण्याच्या त्या कल्लोळात, ओरडून काय सांगणार! म्हणून हे पत्र. माझी उमेदीची वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेली, तेव्हा पत्रात कुठे फळ्यापुढचा सूर लागलाच तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

अर्जामागचा मुख्य पुरावा होता वास. 'आत पाऊल टाकल्याबरोबर नाक झोंबतं, म्हणजे बघा किती ओतत असतील!' तर्क सरळ वाटतो, पण गोष्ट नेमकी उलटी आहे. नीट राखलेल्या तलावाला फारसा वास येतच नाही. जो उग्र वास येतो तो क्लोरामाइनांचा. घाम, लघवी, अंगावरचा मळ, सकाळी चोळलेले क्रीम हे सगळे पाण्यात उतरले की त्यातल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनची अभिक्रिया होते आणि क्लोरामाइने तयार होतात. त्यातले ट्रायक्लोरामाइन पाण्यात टिकत नाही. ते वायुरूपात वर येते आणि पृष्ठभागालगत रेंगाळते, आणि मुलांची तोंडे नेमकी तिथेच असतात. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, त्वचाही हुळहुळते. म्हणजे वास जितका उग्र, तितके क्लोरीन घाणीशी झुंजण्यात खर्ची पडलेले. अशा वेळी ते निम्मे केले, तर जंतूंसाठी जे काही मोकळे क्लोरीन उरले होते तेही जाईल. मुलांची खाज राहील ती राहीलच, वर जुलाब आणि पुरळ यांना आमंत्रण.

पाण्यात लघवी करण्याबद्दल पालक बोलायला लाजतात. मुले लाजत नाहीत. 'सगळेच करतात गं आजी,' असे माझ्या नातीने मला कानात सांगितले आहे, आणि तिच्या बॅचमध्ये सगळी चार-पाच वर्षांची असल्यामुळे तिच्या माहितीवर अविश्वास दाखवायला मला जागा नाही. पाण्यात उतरण्याआधी शौचालयाची एक फेरी आणि मग मिनिटभर शॉवर, एवढे केले तरी पुष्कळ साधते. मिनिटभर हा माझा अंदाज नाही. सीडीसी ही अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था तेच सांगते : आधी एक मिनिट अंगावर पाणी घेतले, तर अंगावरचा बहुतेक घाम-मळ तिथेच निघून जातो. दोन पायांवर पाणी उडवून 'झाली हं अंघोळ' म्हणत मुलाला पुढे ढकलणे याला मी शॉवर धरत नाही.

आता क्लोरीन किती असावे याबद्दल. सीडीसीच्या शिफारशीप्रमाणे तलावाच्या पाण्यात मोकळे क्लोरीन लिटरमागे निदान १ मिलिग्रॅम हवे. उन्हाने क्लोरीन उडू नये म्हणून सायन्युरिक आम्ल वापरत असतील तर निदान २. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ७.० ते ७.८ च्या दरम्यान हवा. हा दुसरा आकडा पालक कधीच विचारत नाहीत आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा. क्लोरीन पाण्यात गेले की त्याचे हायपोक्लोरस आम्ल होते आणि जंतू मारण्याचे खरे काम ते करते. सामू ७.५ च्या आसपास असेल तर त्यातला साधारण निम्मा भाग या कामाच्या रूपात असतो. सामू ८ वर गेला की जेमतेम पाव भाग उरतो. म्हणजे बादलीभर क्लोरीन ओतूनही सामू सांभाळला नाही तर पाणी निकामी आणि त्वचेला त्रास तो वेगळाच. अर्ज करायचाच असेल तर तो असा करावा, की दोन्ही आकडे दिवसातून काही वेळा मोजून फळ्यावर लिहा. आमच्या तलावावर असा फळा आहे. त्यावर फीच्या तारखा लिहिलेल्या असतात.

जाता जाता एक गंमत. ज्या हायपोक्लोरस आम्लाच्या नावाने आपण बोटे मोडतो, ते आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी स्वतःच तयार करत असतात.

मग तलावाच्या पाण्याने त्वचेला काही होत नाही का? होते. होत नाही असे मी कुणालाच म्हटलेले नाही. आपल्या त्वचेचा सगळ्यांत वरचा थर मृत पेशींचा असतो. विटांची भिंत डोळ्यांसमोर आणा. पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ, ज्यात सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले असतात, तो म्हणजे गिलावा. गिलावा शाबूत असेल तर आतला ओलावा आत राहतो आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ बाहेर. बाळांमध्ये आणि अगदी लहान मुलांमध्ये हा थर मोठ्यांपेक्षा पातळ असतो, आणि आकारमानाच्या मानाने त्यांच्या त्वचेचे क्षेत्रफळही जास्त असते. त्यामुळे त्याच पाण्यात तेवढाच वेळ घालवून बाबा बाहेर येतात ते ठणठणीत, आणि मूल येते ते पोटऱ्या खाजवत.

त्यात भर म्हणजे निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, सामू साधारण ५ च्या आसपास. १९२८ साली शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी त्याला आम्लाचे आवरण असे नाव दिले, ते आजही पाठ्यपुस्तकांत आहे. तलावाचे पाणी सातच्या पुढचे. नुसते पाणीसुद्धा निर्दोष नाही. बराच वेळ भिजल्याने वरच्या थरात ओलावा धरून ठेवणारे जे नैसर्गिक पदार्थ असतात तेच विरघळून जातात, म्हणून तासभर पाण्यात डुंबलेले मूल बाहेर आल्यावर पाहता पाहता कोरडे पडते. बोटांना सुरकुत्या पडतात ते मात्र वेगळे प्रकरण. ते त्वचा फुगून होते असे मी स्वतः पुष्कळ वर्षे वर्गात ऐकत आले, पण ज्या बोटांची नस तुटलेली असते त्यांना पाण्यात सुरकुत्या पडत नाहीत. म्हणजे ती मज्जातंतूंची करामत, त्वचेची दुर्दशा नव्हे. सुरकुतलेली बोटे बघून मुलाला घाईने बाहेर ओढण्याचे कारण नाही. ओठ निळसर दिसू लागले, हुडहुडी भरली, तर मात्र लगेच काढावे.

पण तलावात जेवढे नुकसान होते, त्याहून जास्त तलावानंतरच्या तासाभरात होते असे माझे मत आहे, आणि ते कपडे बदलण्याच्या खोलीत बसून बनलेले आहे. बॅच सुटते. मुले थंडीने कुडकुडत येतात. आया ओल्या कॉस्च्युमवरच टॉवेल गुंडाळतात, वरून फ्रॉक किंवा जाकीट चढवतात आणि 'घरी जाऊन अंघोळ करू' म्हणत निघतात. रस्त्यात अंगावरचे पाणी वाळते, पण पाण्यातली रसायने अंगावरच राहतात. शिवाय घट्ट ओला कॉस्च्युम काखेत, जांघेत, मांडीच्या शिवणीपाशी घासत असतो. आणि मग घरी, क्लोरीन निघावे म्हणून, कढत पाणी, भरपूर फेसाचा साबण आणि घासणी! साध्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. आधीच सैल झालेला गिलावा त्याने उरलासुरला निघतो. त्या रात्री मूल खाजवते आणि बोल तलावाला लागतो.

करायचे ते तलावावरच करायचे आणि लगेच करायचे. मी नातीला काठावरून थेट शॉवरखाली नेते. आधी अंगावर कॉस्च्युम असतानाच पाणी, मग तो उतरवून पुन्हा पाणी. कॉस्च्युम न उतरवता घेतलेला शॉवर अर्धवटच, कारण सगळ्यांत जास्त पाणी कापडातच अडकलेले असते. पाणी कोमट हवे. हाताला 'छान गरम' लागले म्हणजे मुलाच्या अंगाला ते जास्त आहे. मानेच्या घड्या, कानामागे, काखा, जांघा, गुडघ्याची मागची बाजू, पायांच्या बोटांमधली जागा : इथे पाणी आपोआप पोचत नाही, हाताने पोचवावे लागते. टोपी घातली होती म्हणून केस कोरडे राहिले असे समजू नये. मुलाचे डोके मागे झुकवून केसांतून स्वच्छ पाणी जाऊ द्यावे. साबण लावायचाच असेल तर साबणविरहित, सुगंध नसलेला आणि सामू साडेपाचच्या आसपास असलेला सौम्य क्लीन्झर घ्यावा, तोही काखा, जांघा आणि पाय एवढ्याच ठिकाणी. हातपायांना आणि पाठीला वाहते पाणी पुरते. हे सगळे तीन-चार मिनिटांत होते. जास्त वेळ लावूही नये, नाहीतर पुन्हा भिजवण्याचाच प्रकार.

हल्ली क्लोरीन काढण्यासाठी 'क' जीवनसत्त्वाचे फवारे मिळतात, त्याबद्दल एका पालकांनी मला विचारले होते. रसायनशास्त्र म्हणून ते बरोबर आहे. अस्कॉर्बिक आम्ल आणि क्लोरीन यांची अभिक्रिया चटकन होते, हा प्रयोग मी वर्गातही करून दाखवत असे. पण पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलासाठी मी आधी नळ सोडीन. फवाऱ्याने क्लोरीन निष्प्रभ होईलही, पण घाम, क्लोरामाइने आणि दुसऱ्यांच्या अंगावरचे जे काही चिकटलेले असते ते धुवायला पाणीच लागते.

नंतरचा टॉवेल. टॉवेलने मूल खसाखसा पुसणे हा जणू प्रेमाचा प्रकार मानला जातो. पुसू नये, टिपावे. टॉवेल अंगावर दाबायचा आणि उचलायचा. घड्या आणि बोटांमधल्या जागा पूर्ण कोरड्या, बाकी अंग किंचित दमट राहिलेले चालते, किंबहुना तसेच हवे. कारण त्या दमटपणावरच मलम लावायचे असते. त्वचारोगतज्ज्ञ तीन मिनिटांची मर्यादा सांगतात : टिपल्यापासून तीनेक मिनिटांत मलम लागले, तर त्वचेने शोषलेले पाणी आत कोंडले जाते. घरी पोचून, कपडे वाळत घालून, मग 'अगंबाई, क्रीम राहिलंच' म्हणून लावले, तर तोवर पाणी उडून गेलेले असते.

कोणते मलम? इथे दुकानदार आणि जाहिराती मिळून पालकांचा फार गोंधळ उडवतात. पाण्यासारखे पातळ लोशन लावायला सोपे असते, कारण त्यात बहुतेक पाणीच असते. क्रीममध्ये तेलाचा भाग जास्त. मलम, म्हणजे ऑइंटमेंट, सगळ्यांत चिकट आणि सगळ्यांत कामाचे. साधे पांढरे पेट्रोलियम जेली या बाबतीत सगळ्यांना मागे टाकते. त्वचेतून उडून जाणारे पाणी ते जवळपास पूर्ण अडवते. त्यात सुगंध नाही, पाणीच नसल्यामुळे परिरक्षक, म्हणजे टिकवण्यासाठी घालायची रसायने, घालण्याचीही गरज नाही, म्हणजे ॲलर्जी होण्याजोगे फारसे काही नाही. दोष एवढाच की ते कपड्यांना लागते आणि मुलांना चिकट वाटते. माझी नात ते लावताना सापासारखी वळवळते. म्हणून तिच्या पोटापाठीला क्रीम आणि गुडघ्यांच्या मागे, कोपरांच्या खोबणीत, मनगटांवर जेली अशी आमची तडजोड झाली आहे.

ज्या डबीवर 'नैसर्गिक', 'फुलांचा अर्क', 'सौम्य सुवास' असे लिहिलेले असते, ती मी परत फडताळात ठेवते. सुगंध हे क्रीममुळे होणाऱ्या ॲलर्जीचे एक मोठे कारण आहे, मग तो कारखान्यातला असो की फुलातला. परिरक्षकांमध्ये मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचा एक पदार्थ आहे. २०१३ साली अमेरिकेतल्या स्पर्शजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने त्याला 'त्या वर्षीचे ॲलर्जीकारक द्रव्य' ठरवले. अंगावर तसेच राहू द्यायच्या प्रसाधनांत तो वापरायला युरोपीय संघाने २०१७ पासून बंदी केली. नाव लांबलचक आहे, पण डबीच्या मागे चष्मा लावून एकदा शोधावे.

लावण्याची रीतही सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. चोळू नये. केस ज्या दिशेने उगवतात त्या दिशेने, म्हणजे वरून खाली, हात फिरवावा. उलटसुलट रगडले तर केसांच्या मुळांशी मलम कोंडते आणि बारीक फोड येतात. मोठ्या डबीत बोटे घालू नयेत, स्वच्छ चमच्याने हवे तेवढे बाहेर काढावे, नाहीतर तलावावरचे जंतू डबीत मुक्कामाला येतात. तळपायांना जेली लावून मुलाला ओल्या फरशीवर सोडू नये, हे सांगायला नको होते, पण एकदा एक लहानगा माझ्या डोळ्यांसमोर असा सपशेल घसरला की आता सांगितल्याशिवाय राहवत नाही. आणि रसायनशास्त्राच्या बाईंची एक सूचना : मलम मुरलेले कपडे आणि टॉवेल साध्या कापडापेक्षा लवकर पेट घेतात. ते ज्योतीपासून, शेगडीपासून लांब ठेवावेत.

आता तलावाच्या व्यवस्थापनाकडे वळते. मी वर जे लिहिले त्यातले निम्मे आमच्या तलावावर करताच येत नाही. मुलींच्या बाजूच्या शॉवरांपैकी धड चालणारे मोजकेच. त्यांतून येणारे पाणी इतके गार की मुले किंचाळत पळतात, आणि एक बॅच बाहेर पडायच्या आत दुसरी आत शिरते. अशा गर्दीत कुठली आई मुलाचे अंग टिपत बसेल? म्हणून ती ओला कॉस्च्युम तसाच ठेवून घर गाठते. तिला मी दोष देत नाही. कोमट पाणी, दोन बॅचमध्ये दहा मिनिटांची मोकळीक, टॉवेल अडकवायला खुंट्या आणि मुलाला बसवायला एक कोरडा बाक, एवढे झाले तर मुलांच्या त्वचेचे जितके भले होईल तितके क्लोरीन कमी करून कधी होणार नाही. पाण्यात उतरण्याआधीचा शॉवर सक्तीचा करावा आणि तो मोठ्यांनाही लागू असावा. सकाळी धावून, घामाने निथळत येऊन सरळ उडी मारणारे काका मी रोज बघते, आणि त्यांना कुणीच काही बोलत नाही.

इसब असलेल्या मुलांच्या पालकांसाठी थोडे. इसब आहे म्हणून पोहणे बंद, असे त्वचारोगतज्ज्ञ सरसकट सांगत नाहीत. आमच्या डॉक्टरांनीही नातीला परवानगी दिली, फक्त पाण्यात उतरण्यापूर्वी नाजूक जागी मलमाचा पातळ थर द्यायला सांगितले. तो थर पाणी आणि त्वचा यांच्यामध्ये आडकाठी करतो. पातळ म्हणजे पातळच, जाड लेप दिला तर तो सगळा तलावाला मिळतो. त्वचा चिरलेली असेल, लस येत असेल, तर काही दिवस पाणी टाळावे. विरंजक द्रव, म्हणजे ब्लीच, अगदी थोडे घातलेल्या पाण्याची अंघोळ इसबावर उपाय म्हणून सांगितली जाते. त्यावर २००९ साली एक गाजलेला अभ्यास झाला, पण २०१७ मध्ये वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर साध्या पाण्याच्या अंघोळीपेक्षा तिचा वेगळा फायदा दिसला नाही. डॉक्टरांनी मोजून दिल्याशिवाय हा उद्योग घरी करू नये.

'मग मिठाच्या पाण्याचा तलाव बघतो,' असेही एक बाबा म्हणाले. त्या तलावातही क्लोरीनच असते. मिठाच्या द्रावणातून वीज सोडून ते जागेवर तयार करतात, एवढाच फरक. मीठ लिटरमागे ३ ग्रॅमच्या आसपास, समुद्राच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. पाणी अंगाला मऊ लागते हे खरे, पण नंतरचा शॉवर तिथेही चुकत नाही.

उघड्या तलावावर उन्हाचा प्रश्न असतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीनपेक्षा सावली आणि पूर्ण बाह्यांचे कपडे बरे. मोठ्या मुलांना एसपीएफ ३० किंवा अधिक, शक्यतो झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे, पाण्यात जाण्याआधी पंधरा-वीस मिनिटे. 'पाण्यात टिकणारे' म्हणजे कायम टिकणारे असा अर्थ नाही. अमेरिकेच्या नियमांत तो शब्द फक्त ४० किंवा ८० मिनिटांसाठी वापरता येतो, त्यानंतर पुन्हा लावावे लागते. आणि तलावानंतरच्या शॉवरमध्ये ते नीट धुऊन काढावे, त्यावरच मलम चढवू नये.

पोहण्याचे डायपर घातलेली बाळे असतात, त्यांच्याविषयी एकच : ते डायपर पातळ शौच अडवू शकत नाही, पाण्यात पसरायला थोडा उशीर लावते इतकेच. दर तासाला तपासावे, तलावाच्या काठावर न बदलता आत नेऊन बदलावे, आणि ती त्वचा धुऊन, कोरडी करून मगच मलम लावावे. जुलाब होत असलेले मूल घरीच बरे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा परजीवी योग्य क्लोरीन असलेल्या पाण्यातही आठवड्याहून अधिक काळ तग धरतो. त्याची लागण झालेली असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पाण्यात जाऊ नये.

डॉक्टरांकडे कधी जावे? कोरडेपणा आणि हलकी खाज मलमाने दोन-तीन दिवसांत आटोक्यात येते. पुरळ कॉस्च्युमच्या खालीच जास्त उठले, त्यात केसांच्या मुळाशी पू दिसला आणि तलावानंतर एक-दोन दिवसांत सुरू झाले, तर ते सुडोमोनास जंतूचे असू शकते. हे जंतू विशेषतः गरम पाण्याच्या टबात पोसतात. असे पुरळ बहुधा आपोआप बरे होते, पण ताप आला किंवा फोड पसरू लागले तर दाखवावे. गार पाण्यात उतरल्यावर अंगावर गांधी उठत असतील तर मात्र त्याला 'पित्त उठलं' म्हणून सोडून देऊ नका. थंडीमुळे उठणाऱ्या गांधींचा एक प्रकार असतो, आणि त्यात पूर्ण अंग गार पाण्यात गेले तर रक्तदाब घसरून मूल बेशुद्ध होऊ शकते. अशा मुलाला तपासणी झाल्याशिवाय पाण्यात पाठवूच नये.

शेवटी एका मुलाबद्दल, जे या सगळ्यात नाहक भरडले गेले. नातीच्या बॅचमधल्या एका पाच वर्षांच्या मुलाच्या दंडावर आणि काखेजवळ मोत्यासारखे, मध्ये खळगी असलेले छोटे फोड आले. डॉक्टरांनी मोलस्कम असे निदान केले. तो एका विषाणूचा साधा संसर्ग आहे, लहान मुलांत सर्रास दिसतो. काही पालकांनी आरडाओरडा केला आणि व्यवस्थापनाने त्याला 'पूर्ण बरा होईपर्यंत येऊ नको' असे सांगितले. हे फोड बरे व्हायला बहुधा सहा महिने ते वर्ष लागते, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे पोरगा वर्षभर पोहायला मुकला. हा विषाणू स्पर्शाने आणि एकच टॉवेल, एकच तरंगती पाटी वापरल्याने पसरतो. सीडीसी अशा मुलाला तलावातून हाकलायला सांगत नाही. फोड पाणी आत न शिरणाऱ्या पट्टीने झाकावेत, टॉवेल आणि पाटी इतरांना देऊ नये, एवढेच सांगते. त्या मुलाच्या आईने पट्ट्या आणून ठेवल्या आहेत, टॉवेल तर त्याचा आधीपासूनच वेगळा आहे. पाट्या प्रत्येक बॅचनंतर धुण्याचे काम व्यवस्थापनाने अंगावर घ्यावे. मग उद्याच्या बॅचला तो येऊ शकतो.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
(नाव व पत्ता संपादकांकडे)